एक पाना कमी

आमच्या राखीव हेलिकॉप्टर तुकडीची प्रमुख, मेजर जॉइस लंडीन, आठवडाभर लोकांच्या दाढा काढते.

आमचं पहिलं हेलिकॉप्टर व्हिएतनामहून आलं. शेपटीला गोळीचं भोक होतं. कुणीतरी त्यावर पत्रा ठोकून हसरा चेहरा काढला.

हिमवादळात अडकलेल्या गुरांना वरून गवताच्या गाठी टाकल्या. एक गाठ शेरीफच्या गाडीवर पडली.

इराक. वर्षभर. आमचा वैमानिक वॉरन, त्याच्या बुटांतून अजून वाळू निघते, असं त्याची बायको सांगते.

कवायतीच्या शनिवारी जेवणाला राजम्याची चिली, म्हणजे घट्ट तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल.

तुकडीचा इतिहास लिहायला मला सांगितलंय. वरचं सगळं त्यात आहे. खालचं एका ओळीत आटपलंय, म्हणून इथे सांगतो.

मार्च. एल्कहॉर्न नदीला पूर. जेवण उरकतंय तोच फोन आला: एक म्हातारं जोडपं गोठ्याच्या छपरावर अडकलंय. वॉरन टीडी लगेच हेलिकॉप्टर घेऊन उडाला.

आमच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची खाच असते. सगळ्या खाचा भरलेल्या दिसल्याशिवाय उडायचं नाही, असा नियम. त्या घाईत पेटी बघायची राहिली. मार्लिन कुबिचेकनं ती नंतर उघडली. एक खाच रिकामी होती.

मार्लिन आठवडाभर प्लंबर, शनिवार-रविवार आमची मेकॅनिक. सकाळभर ती वॉरनच्याच हेलिकॉप्टरवर, पंख्याची पाती वळवणाऱ्या दांड्यांपाशी काम करत होती.

"पाना तिथेच राहिला असेल," ती म्हणाली. "दांड्यांत अडकला तर वॉरन खाली येईल, मेजर. सरळ खाली."

लंडीननं रेडिओ उचलला. "वॉरन, उतर. असशील तिथे."

"मेजर, म्हातारा हात हलवतोय मला. दिसतोय इथून."

"ऐकलं मी. उतर."

तो एका शाळेच्या मैदानात उतरला. त्याची माणसं झाकणं उघडून शोधायला लागली, आम्ही इकडे हँगरच्या फरशीवर रांगत होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. छपरावरच्या त्या दोघांना आपल्याकडे येणारं हेलिकॉप्टर वळून जाताना दिसलं असणार.

रेडिओवर वॉरन म्हणाला, "मार्लिन, रडतेयस का? अगं, मी जमिनीवर आहे. जमिनीवरून कोणी पडत नाही."

"गप बस रे," ती म्हणाली. रडतच होती.

तेवढ्यात आचारी डॅरेल हात पुसत आला. "मार्लिन, सिंक चांगलं वाहतंय आता. पण तुझं सामान खाली विसरलीस की!"

त्याच्या हातात पाना होता. राजम्यानं तुंबलेलं सिंक मोकळं कर म्हणून जेवणाआधी तोच तिच्या मागे लागला होता. ती खिशात होता त्याच पान्यानं नळीचा नट खोलून, कचरा काढून आली होती. शनिवारी सोमवारचं काम!

मार्लिननं पाना खाचेत ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"जा, वॉरन," लंडीन रेडिओवर म्हणाली.

तासाभरात म्हातारा-म्हातारी आमच्या टेबलाशी ब्लँकेटं गुंडाळून बसले होते, चिलीत रोल बुडवत. म्हातारा वॉरनला म्हणाला, "मधेच कुठे गेलास रे? हिला वाटलं, मी हात चुकीचा हलवला." सगळे इतके हसले की मार्लिनही हसली.

लंडीन तिला म्हणाली, "पुन्हा पाना खिशात दिसला तर तुझी दाढ काढीन. भूल न देता."

इतिहासात मी लिहिलं: पुरातून दोघांची सुटका, किंचित उशिरा.

नदीचं पाणी त्या दिवशी सकाळपासूनच उतरत होतं, हे आम्हाला नंतर कळलं; उशिरानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं.