मंत्र्यांनी दिलेलं बियाणं

धनसिंगजी सन बावन्नपासून आमचे आमदार आणि सत्तावन्नपासून मंत्री. घाटंजीकडच्या बंजारा तांड्यांना रस्ते, विहिरी, शाळा त्यांच्यामुळेच मिळाल्या. सहासष्टच्या पेरणीला त्यांनी आपल्याच तांड्यात संकरित ज्वारी स्वतःच्या हातांनी वाटली. पीक दुप्पट आलं.

मी बीजगुणन केंद्रात नोकरीला होते. कापणीनंतर उतारा मोजायला तिथे गेले, तर घरोघरी चुलीवरच्या आढ्याला निवडक कणसं टांगलेली. धुरानं कीड लागत नाही. बियाणं पिढ्यान्‌पिढ्या असंच राखलेलं. पण संकरित ज्वारीचं राखलेलं बियाणं दुसऱ्या वर्षी तसं पीक देत नाही. मी तसं सांगितलं, तर म्हातारी जमनी म्हणाली, "धनसिंग म्हणला, हे बियाणं आता तुमचंच. तू कोण वं?"

मी यवतमाळला जाऊन मंत्र्यांना भेटले. निवडणूक दोन महिन्यांवर होती. त्यांचे कार्यकर्ते नागोराव म्हणाले, "पेरणी जूनमधी हाय, साहेब. मतं पडू द्या, मंग सांगू."

"मंग त्याईले वाटन, मतासाठी दडवलं," धनसिंगजी म्हणाले. "आन् खरंच दडवलं असन."

दुसऱ्या दिवशी तांडा जमला. खुर्ची मांडली होती, पण धनसिंगजी टोपी काढून जमिनीवर बसले. पंचायतीत चूक कबूल करणारा तिथे असाच बसतो.

"याडी," आईला म्हणावं तसं ते जमनीला म्हणाले, "म्या चुकीचं सांगतलं. हे बियाणं दरसाली नवं घ्या लागते."

"नऊ वर्सं मंत्री हायेस, आन् ज्वारी तुले आता समजली?" जमनीनं विचारलं.

"मले कुठं समजली? ह्या बाईनं सांगतलं."

लोक हसले. जमनी हसली नाही. "माह्या वावरात नवं आन् राखलेलं, दोन्ही पेरू. शेजारी-शेजारी. मंग पाहू कोण खरं."

मी सुचवणार होते तो प्रयोग तिनेच सांगून टाकला.

फेब्रुवारीत धनसिंगजी निवडून आले. तांड्यातली मतं थोडी घटली. भाद्रपदात ते जमनीच्या वावरात आले. नव्या बियाण्याच्या ओळी एकसारख्या उंचीच्या होत्या. राखलेल्या बियाण्याचं एक ताट कमरेइतकं उंच, तर दुसरं डोक्यावर गेलेलं. जमनी बांधापर्यंत सावकाश चालत गेली आणि परत आली.

"नवी पिशवी घेईन मी," ती म्हणाली. "पण ह्या बाईच्या हातून. तुह्या नाही."

धनसिंगजी मोठ्यानं हसले. मी बियाण्याच्या मागणीच्या वहीत तिचं नाव पहिलं लिहिलं.