वीस ऑक्टोबरची नोंद

मार्चच्या अखेरीस शोल्पानला पत्र आलं. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञान संस्थेने तिला डॉक्टरेटची जागा दिली होती. चार वर्षं विद्यावेतन, राहायला खोली, वर्षातून एकदा घरी यायचं विमानभाडं. एकशे चाळीस अर्ज आले होते म्हणे. बाकीच्यांपाशी मोठमोठ्या विद्यापीठांची शिफारसपत्रं होती, शोल्पानपाशी बापाच्या वह्या होत्या.

बाप ओराझबाय हा अराल समुद्राच्या काठी काराशोकी गावात मोजणीदार होता. चौऱ्याऐंशी सालापासून तिथलं मोजणीचं ठाणं बंद पडेपर्यंत सतरा वर्षं. दर दहा दिवसांनी पाण्यावर जायचं, पाणी किती गरम, किती खारट, काठ गावापासून किती लांब सरकला ते वहीत मांडायचं आणि नक्कल वरच्या कचेरीत पाठवायची. एवढा मोठा समुद्र मरत होता, पण त्याची नाडी धरून बसायला फारसं कोणी नव्हतं. त्या संस्थेतल्या प्राध्यापक ब्रांट यांना त्याचंच अप्रूप होतं. पहिल्या तीन वह्यांचे फोटो पाहून त्यांनी लिहिलं होतं की अशी सलग मालिका त्यांच्या पाहण्यात दुसरी नाही, अभ्यास हिच्यावरच उभा करायचा. उरलेल्या वह्या मेअखेर संगणकावर चढवून पाठवायच्या, एवढी एकच अट.

शोल्पान अराल्स्कमधल्या मत्स्यबीज केंद्रात सहा वर्षं बाटल्या धूत होती. म्हणायला प्रयोगशाळा सहायक. या आधी तीनदा अर्ज केले, तिन्ही वेळा नकार. पदव्युत्तर पदवीला सहा वर्षं उलटली की असे अर्ज घेत नाहीत, आणि तिचं हे सहावं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

शेजारच्या कुल्यान आपाने पत्राची बातमी पोस्टातच हुंगली आणि शोल्पान घरी पोचायच्या आत ती दारात उभी राहून ओरडली, "शुयिंशी! आनंदाची बातमी आहे, आधी बक्षीस काढा." ओराझबायने चहाचा पुडा तिच्या हातात ठेवला. आपा तिथेच बसली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"इथला समुद्र गेला तो गेला, आता समुद्र शिकायला जर्मनीला चालली. उद्या उंट शिकायला कुठे जाशील गं?"

"तुमच्याकडे येईन, आपा. तुमच्याएवढं हट्टी जनावर दुसरं कुठे मिळणार?"

आपा खदखदून हसली. ओराझबाय मात्र हसला नाही. "वह्या कशाला हव्यात त्यांना? रद्दी आहे ती," एवढंच म्हणाला. उरलेल्या वह्या ज्या ट्रंकेत होत्या तिची किल्ली सापडत नाही असं सांगत त्याने आठवडा काढला. शेवटी शोल्पाननेच कुलूप तोडलं. म्हातारपणी माणूस जुन्या वस्तूंना चिकटतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

एप्रिलभर ती कामावरून आली की आकडे चढवत बसायची. बापाचं अक्षर मोत्यासारखं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पंचाण्णव सालची वही आली आणि त्यात वीस ऑक्टोबर आला. पाणी अकरा अंश चार दशांश. खारटपणा लिटरमागे सव्वीस ग्रॅम. वारा ईशान्येचा. काठ अडतीस किलोमीटर.

तिने ती ओळ तीनदा वाचली. वीस ऑक्टोबर पंचाण्णवला तिची आई गेली होती. उडणाऱ्या मिठाच्या धुळीने छाती भरून, चौतिसाव्या वर्षी, पहाटे. शोल्पान सहा वर्षांची होती, पण तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून कधी हललाच नाही. बाप दिवसभर घराबाहेर काठी टेकून उभा होता, येणारा प्रत्येक पुरुष त्याला मिठी मारून रडत होता. त्या दिवशी अडतीस किलोमीटर जाऊन पाण्यात थर्मामीटर कोणी बुडवला?

मग ती मागे गेली, पुढे गेली. कुठेतरी पाणी मुरत होतं हे कळायला आता हुशारीची गरज नव्हती. एक्याण्णवच्या शरदापासून खारटपणा दर महिन्याला बरोब्बर एक दशांशाने वाढत होता. वादळ नाही, उसळी नाही, चूक नाही. कुठलाही समुद्र असा शिस्तीत मरत नाही. ते तिला आधीच दिसायला हवं होतं, पण तिला ती जागा इतकी हवी होती की डोळ्यांवर कातडं ओढून ती आकडे चढवत राहिली होती.

ओराझबाय चहा ओतत होता.

"आके, आई गेली त्या दिवशी तुम्ही पाण्यावर गेला होतात?"

त्याने वाटी पूर्ण भरली, तिच्यापुढे सरकवली. "नाही."

"त्याच्या आधीच्या खेपेला?"

"नाही."

"मग शेवटचे गेलात कधी?"

"एक्याण्णवला. मग पेट्रोल मिळेना. मोटरसायकल उभीच राहिली."

"म्हणजे दहा वर्षं घरात बसून लिहिलंत? कोरं ठेवायचं होतं. कोरी वही म्हणजे निदान खरी वही."

 ओराझबाय खाली बघत म्हणाला, "पोरी, आपल्यात कोणी मेल्याची बातमी तोंडावर फेकतं का? आधी आजारी आहे म्हणतात. मग उठवत नाही म्हणतात. मग चार म्हातारे येऊन बसतात, ससाण्याचा पंख मोडल्याची गोष्ट सांगतात. तोवर ऐकणाऱ्याला कळून चुकलेलं असतं. शेवटचा गेलो तेव्हा मला काठच सापडला नाही. नुसती पांढरी जमीन, जिथवर नजर जाईल तिथवर. घरी येऊन तसं लिहायला बसलो, तर हात धजेना. म्हटलं, बेताबेताने सांगू. थोडं खारट झालं. थोडं लांब गेलं."

"पण कोणाला सांगत होतात? कचेरीत त्या नकला कोणी उघडूनही बघत नव्हतं."

त्याने वाट्या गोळा केल्या. उठताना म्हणाला, "तसंच पाठवून दे. समुद्र काय साक्षीला येणार आहे? तुझं भलं होतंय, होऊ दे."

शोल्पानला बापाचा राग आला, असला राग तिला आजवर कोणाचाच आला नव्हता. आणि तरी दुसऱ्या दिवशी तिने त्याचंच ऐकलं. आकडे खरे वाटावेत म्हणून ती त्यांत खोट घालू लागली. इथे एक वादळ, तिथे दोन दशांशांची उसळी, जानेवारीत एक नोंद गाळलेली. सहा वर्षं खऱ्या पाण्याचे आकडे पाहिलेले, त्यामुळे खोटं पाणी तिला छान जमलं. बापापेक्षा सरस. दोन दिवसांत चार वर्षं दुरुस्त झाली. पकडलं जाऊ असं तिला एकदाही वाटलं नाही, आणि त्यानेच ती घाबरली. या आकड्यांवर ती चार वर्षं काढणार, त्यावर पदवी घेणार, मग दुसऱ्या कुठल्या मरत्या पाण्याच्या काठी कोणीतरी ते वाचून हिशेब बांधणार की गाव हलवायला अजून किती वर्षं आहेत.

तिसऱ्या दिवशी तिने ती फाइल पुसली आणि प्राध्यापक ब्रांटना सगळं लिहिलं. पहिली सात वर्षं खरी आहेत, पुढची दहा माझ्या वडिलांच्या कल्पनेतली आहेत.

उत्तर पाच दिवसांनी आलं. फार सभ्य पत्र होतं. तुमच्या सचोटीबद्दल आदर वाटतो. परंतु निधी या मालिकेसाठीच मंजूर झाला होता, त्यामुळे जागा दुसऱ्या उमेदवाराला, दुसऱ्या विषयासाठी देणं भाग आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तो तिने स्वतःच्या हाताने टाकला होता. ती केंद्राच्या मागच्या आवारात, रिकाम्या टाक्यांच्या आड, मन भरून रडली आणि तोंड धुऊन बाटल्या धुवायला गेली.

घरी सांगायचं मात्र तिच्या जिवावर आलं. बाप गल्लीत सगळ्यांना सांगून बसला होता. त्याने तिच्यासाठी कुल्यान आपाकडून लोकरीचे मोजे विणून घेतले होते. "विमान कधीचं?" त्याने विचारलं, तर ती म्हणाली, व्हिसाला उशीर होतोय. जूनमध्ये म्हणाली, प्राध्यापक आजारी आहेत. जुलैमध्ये म्हणाली, बहुतेक पुढच्या सत्रात, हिवाळ्यानंतर. प्रत्येक वेळी तो मान हलवायचा आणि चहाची वाटी पुढे सरकवायचा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी वारा सुटला होता, खिडकीच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबून दोघं आत बसली होती. ओराझबाय म्हणाला, "पोरी, एकदम सांग आता."

"काय सांगू?"

"दर महिन्याला थोडं थोडं लांब नेतेयस. हे मी दहा वर्षं केलंय, मला ओळखू येणार नाही?"

शोल्पानने ठरवलं होतं त्यापेक्षा ते कठोर बाहेर पडलं. "जागा गेली, आके. मे महिन्यातच गेली. दुसऱ्याला दिली. तुमच्या वह्यांमुळे."

 तो रडेल असं तिला वाटलं, किंवा चिडेल. तिला तेही चाललं असतं.

"तू विचारलं होतंस, कोणाला सांगत होतो," तो म्हणाला. "तुझ्या आईला. ती गेल्यावरही तिलाच. वही लिहायला बसलो की ती शेजारी येऊन विचारायची, आज किती लांब? कोणाच्या तरी ट्रकमधून जाऊन आलो असं सांगून मी लिहिलेलं वाचून दाखवायचो. तिच्या बहिणीने दूर किझिलोर्दा शहरात घर बघून ठेवलं होतं, दर पत्रात बोलवायची, निघून या, पोरीला घेऊन या. तुझी आई म्हणायची, पाणी अजून आहे ना, मग राहू या की."

चिंधी निसटून फटीतून धूळ आत येऊ लागली होती. शोल्पान उठली नाही.

"असं सरळ तिला सांगायला हवं होतं मी," ओराझबाय म्हणाला, "जसं तू आत्ता सांगितलंस."