तेल पाजते, तेल वेचते

मी बोट बोलतेय. लोक रुमाल हलवून जिला निरोप देतात, तसली नव्हे. माझ्या पोटात तेल असतं. बंदराबाहेर मोठमोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांच्या कुशीला लागायचं, नळी जोडायची, पोटभर तेल पाजायचं आणि पुढच्याकडे पळायचं, हा माझा धंदा. आभार कुणी मानत नाही. उलट "एवढा उशीर?" म्हणून वरून ओरडतात.

घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. मालक फोनवर दुसरं काही विचारतच नाही, "निघालात का?" एवढंच. आणि माझा कप्तान त्याच्याही वरताण. चहासुद्धा उभ्यानं पितो. खलाशांनी त्याचं नावच ठेवलंय, लगबगे. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याला ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं आवडतंही.

मग माझ्या गळ्यात दुसरं काम पडलं. समुद्रात कुठे तेल सांडलं तर ते गोळा करायला वेगळं जहाज वर्षभर रिकामं उभं ठेवणं कुणाला परवडतं? म्हणून किनारा सांभाळणाऱ्या खात्यानं माझ्या मालकाशी करार केला. एरवी मी आपला धंदा करायचा. बोलावणं आलं की पोटातलं तेल उतरवून ठेवायचं, धक्क्यावरच्या गोदामातून अवजारं चढवायची आणि निघायचं. अवजारं म्हणजे माझ्या दोन्ही कुशींना बसणारे दोन लांब तरंगते हात. त्या हातांनी पाण्यावरचा तवंग कवेत घ्यायचा आणि पंपानं पोटात ओढायचा.

तालमीसाठी खात्याच्या एक बाई यायच्या. तालमीत खरं तेल कोण सांडणार? बाई पाण्यावर पोत्यानं मक्याच्या लाह्या ओतायच्या, म्हणजे तो तवंग. पहिल्या तालमीत आम्ही हात पसरेपर्यंत निम्मा तवंग पक्ष्यांनीच फस्त केला. सगळे पोट धरून हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कप्तान, हे मूल चालायला शिकतं ना, त्या वेगानं करायचं काम आहे. वेग वाढला की खरं तेल हाताखालून बुडी मारतं आणि मागे निघून जातं. लाह्या बुडत नाहीत, म्हणून तुम्हाला आज ते दिसत नाहीये."

"कळलं, कळलं," लगबगे म्हणाला आणि घड्याळ बघितलं.

माझा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फार गुणी माणूस. आई लवकर गेली, त्याला मोठ्या बहिणीनं वाढवलं. जवळच्याच खाडीत ही ताई शिंपल्यांची शेती करते. पाण्यावर पिंपं तरंगत ठेवायची, त्यांना दोर सोडायचे आणि दोरांवर शिंपले वाढवायचे. खाडीसमोरून जाताना सारंग कठड्याशी येऊन उभा राही आणि पिंपांच्या ओळी बघे. घरी कुणाचा डोळा लागलाय का, हे दारातून बघावं, तसा.

एका सकाळी खरंच बोलावणं आलं. एक मालवाहू जहाज खाडीच्या तोंडाबाहेरच्या खडकावर चढलं होतं आणि त्याची तेलाची टाकी फाटली होती. वारा खाडीकडे होता. सारंगच्या तोंडचं पाणी पळालं.

पोहोचलो तेव्हा समुद्र काळा पडला होता. पहिला घोट पोटात आला आणि मी ते तेल ओळखलं. त्याच आठवड्यात माझ्याच नळीतून त्या जहाजाला मी ते पाजलं होतं. लेकराला खाऊ घालावं आणि त्यानं ते रस्त्यावर ओकावं, तसं मला झालं. राग नाही आला, लाज वाटली.

कप्तानानं सुरुवात अगदी बाईंनी सांगितली तशी केली. पण काळा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत खाडीकडे सरकत होता. सारंग धावत वर आला.

"साहेब, हात जोडतो, जरा लवकर! ताईची पिंपं तिथेच आहेत हो!"

लगबगे त्याच्याकडे बघत राहिला. एरवी मालकासाठी, गिऱ्हाइकासाठी पळणारा हा माणूस, त्या दिवशी फक्त सारंगसाठी पळाला. त्यानं माझा वेग वाढवला. मला कळत होतं. माझ्या हातांखालून तेल सटासट निसटत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

खात्याच्या बाई आमच्याबरोबर आल्या होत्या; मागच्या टोकाला उभ्या राहून त्यांनी ते पाहिलं. "थांबवा!" त्या किंचाळल्या. "मागे बघा! आपण गोळा करत नाही आहोत, नुसते ढवळत चाललोय!"

कप्तानानं मागे बघितलं. पांढरा फटक पडला. मग तो मला चालवायला लागला तो असा, की मी जागची हलतेय का याचीच मला शंका यावी. सारंग पुन्हा वर आला नाही. संध्याकाळपर्यंत माझं पोट थंडीत थिजलेल्या तुपासारख्या तेलानं गच्च भरलं. बाकी खाडी वाचली. पण मघाशी निसटलेला पट्टा तोंडाजवळच्या पिंपांवर जाऊन बसला. ती ताईची होती.

तेल उतरवून, पोट धुऊन आम्ही परत खाडीपाशी आलो. ताई होडी वल्हवत माझ्यापाशी आली. हात कोपरापर्यंत काळे. सारंग मान वर करीना.

कप्तानच पुढे झाला. "ताई, दोष त्याचा नाही. घाई मी केली. सावकाश गेलो असतो तर तुमच्यापर्यंत एवढं आलं नसतं."

"पण मीच म्हटलं ना त्यांना, लवकर चला," सारंग म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

ताईनं होडी माझ्या कुशीला लावली. वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाली, "लहानपणीही असाच होता हा. मी आजारी पडले की गरम दूध घेऊन धावत यायचा. माझ्यापर्यंत यायचं रिकामं भांडं." तिनं डोळे मनगटानं पुसले, तर गालावर काळं ओघळलं. "इकडचे दोर गेले. ते कापून टाकावे लागणार. पिंपं घासली तर पुन्हा कामाला येतील. उतरा खाली दोघंही. माझ्याकडे माणसं कमी आहेत."

कप्तान होडीत उतरला, मागोमाग सारंग.

खाडीत मला जाता येत नाही, पाणी उथळ आहे. म्हणून आज मी तोंडाशी नांगर टाकून उभी आहे. वर मालकाचा फोन वाजून वाजून थकला. दूरवर माझा लगबगे पाण्यात मांडी घालून बसावं तसा बसून एकच पिंप घासतोय, आणि सारंग त्याला दाखवतोय, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. ताईनं खाडीच्या आतल्या, वाचलेल्या दोरांवरून शिंपल्यांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, काढून नवे दोर सोडलेत.

मोठ्या जहाजांनो, उद्या मी पुन्हा तुमच्यापाशी येईन. मी पाजेन, हवं तेवढं प्या. पण या खाडीवरून जाताना खडक बघून जा रे. ताईचे नवे शिंपले अजून नखाएवढेच आहेत.