जास्तीची रेस

खर्रर्र करून गिअर किंचाळला आणि जालिंदरने दात आवळले.

“न्हाय पडत मामा,” धम्मप्रियाने दांड्यावरचा हात मागे घेतला. ओढणीने तोंडावरचा घाम पुसला.

“पडतोय. त्येला ढकलू नगं. क्लच दाब, न्यूटलला आण, क्लच सोड. आता रेस दे. परत क्लच दाब, आन मग टाक. आपसूक आत जातोय बघ.”

“मी चालवायची त्या शाळंच्या व्हॅनला असलं कायच नव्हतं की.”

“व्हॅनच्या पोटात गिअरच्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून द्यायची सोय असती. हिच्या पोटात न्हाय. हितं डायवरनंच जुळवायचं. कानानं.”

अक्कलकोट रस्त्याच्या कडेच्या माळावर सासरा आणि सून सकाळपासून रिकामा टँकर पुढेमागे करत होते. लांब नाकाची ही गाडी जालिंदरपेक्षा थोडीच लहान. आधी तिने कडबा ओढला, मग दगड ओढला, आणि पाठीवर टाकी बसवल्यापासून नळ न पोचलेल्या वस्त्यांना पाणी. तिला दोनच माणसांचे हात कळायचे, जालिंदरचे आणि त्याच्या पोराचे, नवनाथचे. जालिंदरचा डावा गुडघा निकामी झाला. एका गिअरला दोनदा क्लच दाबायचा म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून गाडी नवनाथकडे आली.

गेल्या उन्हाळ्यात टँकर भरताना बोअरच्या मोटारीची उघडी वायर नवनाथच्या ओल्या हाताला लागली. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा तो राहिला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि गाडी दारात तशीच उभी राहिली. जालिंदरने ड्रायव्हर शोधले. जो आला तो गिअर करकरवून, कपाळाला हात लावून गेला. शेवटी एका सकाळी धम्मप्रिया चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, “मी चालवते मामा. व्हॅनचं लायसन हाय, मोठ्या गाडीचं शिकाऊ काढते. तुमी शेजारी बसा.”

आत भाकरी थापत असलेल्या भीमाबाईचा हात थांबला.

“त्या गाडीचं नाव काढू नका घरात,” ती म्हणाली. “माझं लेकरू खाल्लं तिनं.”

“गाडीनं न्हाय खाल्लं गं,” जालिंदर म्हणाला.

भीमाबाईने भाकरी तव्यावर आपटली. त्या दिवसापासून ती समोरच्या दाराने बाहेर पडेनाशी झाली. भांडी घासायला, दळण आणायला, सगळं मागच्या दाराने. गाडी दिसायला नको.

“पुन्हा घे,” माळावर गाडी वळवून झाल्यावर जालिंदर म्हणाला. “त्या उंचवट्याकडनं वर घे. चढ लागला की तिसऱ्यातनं दुसऱ्यात.”

नवनाथला शिकवताना तो त्याच्या हातावर हात ठेवायचा, गिअर करकरला की डोक्यात टपली मारायचा. सुनेच्या हातावर हात कसा ठेवणार? म्हणून तो तोंडानेच इंजिनाचे आवाज काढून दाखवत होता. एरवी ती हसली असती.

गाडी उंचवट्याला लागली. इंजिन दमायला लागलं. जालिंदरने सवयीने डोळे मिटून कान दिला. क्लच दाबला गेला. दांडा मधे आला. क्लच सुटला. एक मोठी रेस, आणि तिच्या मागोमाग एक बारकी, जास्तीची. मग गिअर आवाजही न करता आत गेला.

जालिंदरने डोळे उघडले नाहीत. त्याच्या शेजारी नवनाथ बसला होता.

“पडला मामा! पडला की!”

“थांबव,” तो म्हणाला. “गाडी थांबव पोरी.”

तो दाराला धरून खाली उतरला, लंगडत टाकीच्या मागे गेला आणि चाकाला टेकून उभा राहिला. इंजिन बंद करून धम्मप्रिया मागोमाग आली.

“काय चुकलं का?”

“न्हाय.”

“मग?”

“ती दुसरी रेस कुणी शिकवली तुला?”

“कुणी न्हाय,” ती गोंधळली. “ह्ये दोनदाच द्यायचे. एक मोठी, एक बारकी. मी शेजारी बसायची तवा आयकलंय. मला वाटलं तसंच असतंय. द्यायची नसती का?”

त्या बारक्या रेसवरून जालिंदर वर्षानुवर्षं नवनाथला बोलला होता. एक पुरं की रं, डिझेल काय नळाला येतंय? नवनाथ हसायचा आणि मुद्दाम पुन्हा द्यायचा.

“द्यायची असती,” जालिंदर म्हणाला. “बरोबर हाय तुझं.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला सगळं कळलं. ती तिथेच खाली मातीत बसली आणि नवऱ्याला मूठमाती दिल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. जालिंदरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

दुपारी ते घराकडे निघाले. वस्तीत शिरताना जालिंदरच्या लक्षात आलं, घराच्या अलीकडे चढ आहे. रोज ह्याच वेळेला नवनाथ तिथे गिअर बदलायचा आणि ती बारकी रेस ऐकली की भीमाबाई तवा ठेवायची.

“प्रिया...”

“काय मामा?”

आता सांगायला हवं होतं, एकच दे म्हणून. चढ समोर आला. धम्मप्रियाचा पाय क्लचवर गेला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

“काय न्हाय,” तो म्हणाला. “दुसऱ्यात घे.”

एक मोठी रेस गेली. मग बारकी.

समोरचं दार धाडकन उघडलं. भीमाबाई पिठाच्या हातांनी, अनवाणी, पदर सावरायचं भान नसलेली, पायरी उतरून धावत पुढे आली. तिच्या तोंडावर पूर्वीचं सगळं परत आलं होतं. मग काचेमागे तिला सून दिसली.

ती जागच्या जागी थांबली. धम्मप्रियाने इंजिन बंद केलं. जालिंदरला मान वर करवेना.

 घरातून जळका वास यायला लागला.

“आत्या,” धम्मप्रिया खाली उतरून हलकेच म्हणाली, “भाकर करपतीया.”

“करपू दे,” भीमाबाई म्हणाली.

ती हळूहळू पुढे आली आणि गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर पिठाचे दोन्ही हात टेकून उभी राहिली.