लटकणारे आणि चालणारे

मामांचे सारे आयुष्य टपाल खात्यात गेले होते आणि त्यामुळे भाचीचे संशोधन त्यांना तत्त्वतःच मान्य नव्हते. भाची मज्जासंस्थेच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होती. आपण नेमके काय करतो, हे तिने मामांना एकदा समजावून सांगितले होते. पेशीच्या केंद्रात जनुके असतात. एखादे प्रथिन बनवायचे झाले की जनुकाकडून आरएनएचा एक निरोप बाहेर पडतो आणि तो वाचून पेशीतला कारखाना माल तयार करतो. जनुकच बिघडलेले असेल तर निरोप चुकीचा जातो आणि माल विषारी निघतो. जनुक दुरुस्त करणे फार अवघड. पण त्या निरोपाला नेमका चिकटेल असा आरएनएचा इवलासा तुकडा आत सोडला, तर पेशी आपण होऊन तो निरोप कापून टाकते. जनुक बोलतच राहते, फक्त त्याचे बोलणे कारखान्यापर्यंत पोचत नाही. यालाच जनुक गप्प करणे म्हणतात.

“म्हणजे वाटेत टपाल फाडायचं,” मामा म्हणाले. “आम्ही जन्मभर पोचवायचा पगार घेतला, तू फाडायचा घेतेस.”

“एकच पत्र फाडते, मामा. तेही धमकीचं.”

“धमकीचं असलं तरी पोचवायचं असतं, ठमे. सही घेऊन.”

लहानपणी भाची गुबगुबीत होती म्हणून मामांनी तिला ठमी म्हणायला सुरुवात केली. पुढे चष्मा लागला, डॉक्टरेट मिळाली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी मामांच्या घरी त्या नावात काही सुधारणा झाली नाही.

धमकी मात्र खरी होती. घराण्यात उतरत आलेल्या एका आजाराने मामांच्या मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजत चालला होता. भाचीच्या आईला, म्हणजे मामांच्या बहिणीला, तो वारसा मिळाला नव्हता, त्यामुळे भाचीही सुटली होती. मामा मात्र भर दुपारी, निव्वळ पाणी पिऊन, झोकांड्या खात चालत. “लोकांना वाटतं मी पितो,” ते म्हणत. “एवढी बदनामी फुकट सोसतोय, तर निदान एकदा पिऊन तरी बघावी म्हणतो.” यावर मामी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहत की विषय तिथेच मिटे.

भाचीच्या प्रयोगशाळेत हाच आजार घेऊन जन्मलेले उंदीर होते. त्यांतल्या निम्म्यांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात तिने ते निरोप कापवणारे तुकडे सोडले होते. उरलेल्या निम्म्यांना दिलेले तुकडे नकली होते. त्यांत अक्षरे तीच, पण क्रम असा विस्कटलेला की ते कोणत्याच निरोपाला चिकटू नयेत. कोणत्या पिंजऱ्यात खरे औषध गेले आणि कोणत्यात नकली, हे तिलाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मापताना हात नकळत आपल्या बाजूने झुकला असता. ते गुपित फक्त आकडेवाल्यांकडे होते. आकडेवाले म्हणजे संस्थेतले सांख्यिकीचे एक तज्ज्ञ गृहस्थ. त्यांच्या पोटातली गोष्ट आपल्यालाही काढता येत नाही, अशी जाहीर तक्रार त्यांच्या पत्नीनेच एका समारंभात केली होती.

परीक्षा साधी होती. एक आडवी दांडी संथपणे फिरत असे. उंदराला तिच्यावर ठेवायचे. तोल शाबूत असेल तर तो पावले टाकत वर टिकतो, नसेल तर खाली पडतो. खालच्या फळीवर वजन पडले की घड्याळ थांबते. जो जास्त वेळ टिकला, त्याचा तोल चांगला.

परीक्षा सुरू होण्याच्या सुमारास मामा न्हाणीघरात पडले आणि त्यांचे मनगट मोडले. प्लास्टरमधला तो हात पाहून आल्यावर भाचीला उंदरांचे ते फळीवर आपटणे बघवेना. तिने फळीवर कापसाचा जाडसर थर अंथरला. वजनाची नोंद तरीही चोख होते, याची खात्री तिने करून घेतली. त्या बाबतीत ती काटेकोर होती. फक्त उंदरांकडे पाहायचे तिने टाळले. पाहिले की जीव गुंततो, म्हणून परीक्षेच्या वेळी तिची नजर घड्याळावर खिळलेली असे. काही उंदीर पडल्यावर कापसात तोंड खुपसून बसत. थकले असतील बिचारे, असे म्हणून ती त्यांना अलगद उचलून पिंजऱ्यात ठेवी.

यथावकाश आकडेवाल्यांनी गुपित उघड केले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि एवढा वेळ घेतल्यावर बातमी चांगली नसणार हे भाचीने ओळखले.

“खरं औषध घेतलेले लवकर पडतात,” ते म्हणाले.

“उलट म्हणताय का तुम्ही?”

“मी उलट म्हणत नाही. उंदीर उलट वागलेत.”

याचा अर्थ उघड होता. औषध उपयोगाचे नाहीच, वर अपायकारक आहे. आठवड्याच्या अखेरीस संचालकबाईंपुढे आढावा होता आणि अपायकारक औषधावरचे काम त्या एक दिवसही चालू ठेवणार नव्हत्या. उंदीर, खोली, वर्षानुवर्षांची खटपट, सगळ्यावर पाणी पडणार होते. आणि या आजारावर संस्थेत दुसरे कोणी काम करत नव्हते.

त्या संध्याकाळी भाची मामांकडे गेली ती बातमी सांगायला. दार उघडेच होते. मामी स्वयंपाकघरात ओट्याशी भाजी चिरत होत्या. समोर घड्याळ ठेवलेले. मामांनी रोज आधाराशिवाय उभे राहण्याचा व्यायाम करावा आणि किती वेळ जमले ते मोजावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मामा बाहेरच्या खोलीत होते.

“उभे आहात ना?” मामींनी आतून विचारले.

“उभा आहे,” मामांनी खणखणीत उत्तर दिले.

“बघ ठमे, किती सुधारणा आहे. काल याच्या निम्मं होतं.”

भाची बाहेरच्या खोलीत गेली. मामांनी चांगल्या हाताने खिडकीचा गज गच्च धरला होता, प्लास्टरचा हात दुसऱ्या गजात अडकवला होता, आणि गुडघे वाकवून ते ओल्या टॉवेलासारखे खिडकीला लोंबत होते. भाचीला पाहून त्यांनी डोळा मारला.

“मामा, याला उभं राहणं म्हणतात?” तिने हळू आवाजात विचारले.

“ती किती वेळ ते विचारते,” मामा तितक्याच हळू आवाजात म्हणाले. “कसा ते विचारत नाही. मी कशाला आपण होऊन सांगू?”

“अहो, पण फसवताय कुणाला?”

“फसवत नाही. सोडलं तर पडेन, म्हणून धरलंय. धडधाकट माणूस कशाला लटकेल? तो कंटाळून केव्हाच खुर्चीत जाऊन बसला असता.”

भाचीच्या डोळ्यांपुढे ती फिरती दांडी आली. मग ती मटकन खुर्चीत बसली.

“बघ,” मामा म्हणाले, “तू धडधाकट आहेस.”

बातमी तशीच राहिली. चहाला थांब म्हणणाऱ्या मामींना “उद्या येते” असे सांगून ती निघाली, आणि जाता जाता तिने मामींना बाहेरच्या खोलीत एकदा डोकावून जायला सुचवले. जिन्यातून उतरताना तिला वरून मामींचा चढलेला आवाज ऐकू आला.

दांडीसमोर एक कॅमेरा नियमाप्रमाणे बसवलेला होता. पण घड्याळातली वेळ हाताशी असल्याने त्याचे चित्रण कोणी पाहिले नव्हते. सकाळी आकडेवाल्यांना शेजारी बसवून भाचीने ते लावले. पहिला उंदीर दांडीवर आला. त्याने चारी पायांनी तिला मिठी मारली आणि डोळे मिटून तो दांडीबरोबर गरगर फिरू लागला, आकाशपाळण्यात बसावे तसा. एक पाऊल न टाकता त्याने उत्तम वेळ नोंदवली. दुसरा उंदीर टकटक पावले टाकत चालला, थोड्या वेळाने थबकला, खाली कापूस पाहिला, आणि नेम धरून त्याने उडी मारली. खाली जाऊन त्याने कापूस दातांनी पिंजला, गोल वाटी केली आणि तो आत जाऊन बसला. थोड्याच वेळात पडद्यावर भाचीचा हात आला आणि त्या गृहस्थाला घरातून उचलून घेऊन गेला.

“हा पडलेला नाही,” आकडेवाले म्हणाले.

“हा राहायला आलाय,” भाची म्हणाली. “आणि ती गादी मी घातली.”

मामांवरच्या मायेने केलेली सोय उंदरांनी आपल्या सोयीने वापरली होती. ज्यांचे पाय ठणठणीत होते ते उतरून घर बांधत होते, आणि ज्यांना उडी मारण्याचे धैर्य नव्हते ते लटकून पहिला क्रमांक मिळवत होते.

आढाव्याला संचालकबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्या उंच, सडसडीत आणि आवाज न चढवता समोरच्याचा रंग उतरवणाऱ्या बाई होत्या.

“निकाल मनासारखा लागला असता,” त्यांनी विचारले, “तर हे चित्रण तुम्ही पाहिलं असतं?”

“नसतं पाहिलं.”

“मग आज नियम बदलायची परवानगी मी का द्यावी? ज्याचा निकाल वाईट लागतो, त्याला नियमच वाईट दिसतो.”

“जुने आकडे मी बदलत नाही. ते फेकून द्या. मला नव्याने परीक्षा हवी आहे. कापूस काढायचा. जो उंदीर दांडीला चिकटून पूर्ण फेरा फिरेल, तो पडला असं धरायचं, आणि हे आजच ठरवायचं. आकडेवाले पिंजऱ्यांना नव्या खुणा देतील. मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही.”

“आणि पुन्हा तेच निघालं तर?”

“तर खोलीची किल्ली मीच आणून देईन.”

संचालकबाईंनी आकडेवाल्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. त्यांच्या बाबतीत ते भाषणच होते.

“ठीक आहे. पण मोजणार मी,” बाई म्हणाल्या. “तुमची माया फार झाली. माझ्यावर तसा आरोप आजवर कोणी केलेला नाही.”

परीक्षा चालली त्या काळात भाचीने परीक्षानळ्या एवढ्या धुतल्या की धुणारीने, माझी नोकरी घालवायची आहे का, असे तिला विचारले. मोजणीच्या खोलीसमोरून जायचे नाही म्हणून ती मागच्या जिन्याने फिरून आपल्या टेबलाशी पोचे. एकदा जाळीच्या झरोक्यातून संचालकबाईंचा आवाज ऐकू आला. “अरे, सोड ती दांडी, निदान एक पाय तरी टाक,” असे त्या कुणाला तरी अजिजीने सांगत होत्या. भाची कानांवर हात ठेवून पुढे गेली. तो कोणत्या पिंजऱ्यातला होता, हे तिला जाणून घ्यायचे नव्हते.

शेवटच्या दिवशी आकडेवाले आले. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

“खरं औषध घेतलेले चालतात,” ते म्हणाले. “सगळे नाही. बरेचसे. फरक थोडा आहे, पण योगायोगाने पडेल त्याहून मोठा आहे.”

त्यांच्या मागे संचालकबाई होत्या. “काम चालू ठेवा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला म्हातारे उंदीर घ्या. आजार जुना झाल्यावर औषध चालतं का, ते कळायला हवं.” मग त्यांनी विचारले, “त्या चिकटून बसणाऱ्यांचं पुढे काय होतं?”

“आजार वाढत जातो.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि मोजणीच्या खोलीकडे परत वळल्या.

परवानगी काढून भाचीने एका उंदराच्या चालीचे चित्रण मामांना दाखवायला नेले. मामा खुर्चीत पुढे झुकून बसले. पडद्यावरचा उंदीर फिरत्या दांडीवर निवांत चालत होता. विनोद न करता मामा एवढा वेळ बसलेले मामींनी कधी पाहिले नव्हते.

“मला कधी मिळेल हे?” त्यांनी विचारले.

भाचीने वाटेत याची बरीच उत्तरे जुळवली होती. त्यांतले एकही वापरावेसे तिला वाटले नाही. “बहुतेक मिळणार नाही, मामा. अजून म्हातारे उंदीर, मग मोठी जनावरं, मग माणसं. फार वर्षं जातील. खोटं सांगत नाही.”

“बरं झालं सांगितलंस.” मामांनी पडद्याकडे बोट दाखवले. “हा चालताना खाली बघत नाही. समोर बघतो. मी सारखा पायांकडे बघतो.”

“त्याचं वेगळं आहे, मामा.”

“बघू तरी.” दोन्ही हात सोडून मामा उभे राहिले आणि त्यांनी समोरच्या भिंतीवर नजर लावली. मामी एका बाजूला धावल्या, भाची दुसऱ्या बाजूला. पण दोघींनीही त्यांना हात लावला नाही. मामा वाऱ्यातल्या वेलासारखे डुलले, सावरले, पुन्हा डुलले आणि धपकन खुर्चीत बसले.

“उंदरांचं उंदरांना लखलाभ,” ते धापा टाकत म्हणाले. “आपलं पायांकडेच बघितलेलं बरं. पण कशाला धरलं नव्हतं, हे दोघींनी पाहिलंत ना?”

“पाहिलं,” मामी म्हणाल्या.

“किती वेळ झाला?”

मामींनी भाचीकडे पाहिले, भाचीने मामींकडे. मोजायचे दोघींच्याही लक्षात राहिले नव्हते.