खारूचे तीन सेकंद

खारूला वाचता येतं. हे मी आई म्हणून सांगत नाही. नऊ वर्षांची ही पोर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. फक्त बोलताना ती अडखळते. एखाद्या शब्दापाशी आली की ओठ मिटतात, मान जराशी वर होते, आणि तो शब्द यायला त्याचा त्याचा वेळ घेतो.

शाळेनं टॅबलेट दिला तेव्हा मी त्याचा मुका घ्यायचाच तेवढा बाकी ठेवला. वर्गात वर्षभर गप्प बसलेली माझी मुलगी त्यावर टाइप करून सगळ्यांच्या आधी उत्तरं द्यायला लागली. धडा हवा तितक्यांदा ऐकायचा, कुणी हसत नाही, कुणी घाई करत नाही. एका मुलानं वर्गाच्या चॅट-गटात लिहिलं, "ही तीच का, जी बोलत नाही?" खारूनं लगेच लिहिलं, "तू बोलू देशील तर ना!"

मग त्याच टॅबलेटवर वाचनाची चाचणी आली. समोर उतारा दिसतो, माइक सुरू होतो, मोठ्यानं वाचायचं. खारू दुसऱ्या ओळीत अडली की लगेच "छान प्रयत्न!" आणि खेळ खलास. पायरी दुसरी. तीन आठवडे झाले, पायरी आपली दुसरीच. शुक्रवारपर्यंत तिसरी आली नाही, तर पुढच्या सत्रात वाचनाच्या तासाला तिला सहा वर्षांच्या पोरांत बसवणार होते.

"मी तिथे बसणार नाही," ती म्हणाली. हे वाक्य मात्र जराही अडखळलं नाही.

तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. गुरुवारी कामावरून आला तेव्हा तिची चाचणी चालू होती; तो घड्याळाकडे बघत तिच्या मागेच उभा राहिला.

"तीन सेकंद," तो म्हणाला. "तीन सेकंद आवाज आला नाही की ह्याला वाटतं, संपलं. लिफ्टच्या दाराचं असंच असतं. मध्ये कुणी नसलं की मिटणारच ते."

"मग?"

"मग काय, दारात कुणीतरी उभं राहायचं."

मी शिलाई मशीनवर होते. गिऱ्हाइकांच्या चार पँटींची उंची कमी करून द्यायची होती, तीही बाळ झोपलंय तेवढ्यात. बाबानं माझ्याकडे पाहिलं.

"मी?" मी म्हटलं.

"तू नाही गं. तुझं मशीन."

खारू वाचायला लागली. ती अडली की मी पायडल दाबायचे, शब्द आला की पाय सैल. टॅबलेट बिचारा ऐकत राहिला. उतारा पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेला! टीप मात्र पार नागमोडी झाली.

"ही पँट आता मलाच घालावी लागणार," बाबा म्हणाला, आणि खारू पोट धरून हसली.

शुक्रवारी सकाळी तिच्या वर्गाच्या बाईंचा फोन. "तुमच्या घरात कारखाना आहे का हो? आवाजामुळे यंत्रानं तिचं रेकॉर्डिंग बाजूला काढलंय. राग मानू नका, पण विचारावं लागतं. त्या आवाजाआडून कुणी तिला सांगत तर नव्हतं?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच खारूनं फोन स्पीकरवर टाकून आपल्यापुढे ओढला.

"बाई," ती म्हणाली. आणि अडली.

खरं सांगते, अशा वेळी तिचा शब्द मीच पुरा करते. डॉक्टरांकडे, दुकानात, पाहुण्यांसमोर. टॅबलेट निदान तीन सेकंद तरी थांबायचा. मी तेवढीही थांबत नाही. त्या सकाळी मी मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

"मला वाचता येतं," शेवटी खारू म्हणाली. "ते यंत्र माझ्यासाठी थांबत नाही. म्हणून आई मशीन चालवत होती."

मग बाई म्हणाल्या, "मी थांबते. वाच बरं. न वाचलेलं काहीतरी घे."

तिनं सरळ पाचव्या पायरीवरचा उतारा उघडला, मधमाश्यांचा. मी खुणेनं तीन बोटं दाखवली, तिसरीचा घे म्हणून. कोण लक्ष देतंय! एका शब्दावर ती इतका वेळ थांबली, की बाळ कंटाळून माझं कानातलं ओढायला लागलं. बाईंनी मध्ये "हं" सुद्धा केलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी तीन प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर.

"तू वाचनालाही आपल्याच वर्गात बसायचंस," बाई म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "वर्गात आणखी दोघं दुसऱ्या पायरीवर अडकलीयत. मी त्यांचं कधी ऐकलंच नाही गं. नुसता आकडा बघत राहिले."

दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. सेटिंगमध्ये 'थांबण्याचा वेळ' म्हणून एक रकाना होता. तीन सेकंदांचे वीस करता येत होते, अगदी पहिल्या दिवसापासून. कुणी उघडूनच पाहिला नव्हता. त्यांनी आता सगळ्या वर्गाचे वीस केले होते.

हे सांगायला मी धावत खारूकडे गेले. ती मधमाश्यांचा पुढचा भाग मोठ्यानं वाचत होती. मी "अगं" म्हणताच तिनं माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, आपलं वाक्य पुरं केलं, आणि मग म्हणाली, "हां, बोल आता."