काजळीचं वजन

काजळीच्या मागच्या डाव्या पायाची नखं उजव्या पायाच्या नखांपेक्षा चारेक मिलिमीटरनं लांब होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या कुत्र्याची नखं कधी कापावी लागत नाहीत, मुरमाच्या वाटेवर ती आपोआप झिजतात. ही झिजली नव्हती, म्हणजे तो पाय ती पुरता टेकत नव्हती. शिंप्याच्या टेपनं मी दोन्ही मांड्या मोजल्या. डावी बारीक भरली.

"कधीपासून लंगडतेय?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली," ज्ञानूआबा म्हणाले. "पाटसला उसाच्या रानात मुरगळला. मला वाटलं, पाय आपसूक बसंल. पाय ऱ्हायला बाजूला, कुत्रीच बसली."

हे २००८ सालचं. तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या रस्त्याला माझा एका खोलीचा जनावरांचा दवाखाना होता. ज्ञानूआबा आणि त्यांची बायको बानूबाई गणपतीनंतरच्या आठवड्यात काजळीला घेऊन आले. घराणं मेंढपाळांचं, पण आता गावाबाहेर दोन खोल्या होत्या, थोडी शेती होती आणि थोरला मुलगा शिक्रापूरला कंपनीत जात होता. साठेक मेंढरं मात्र आबांनी मोडली नव्हती. पूर्वी दिवाळी होऊन कारखान्याचं गाळप सुरू झालं की दोघं कळप घेऊन पाटसकडं निघायची. तुटलेल्या उसाच्या रानात मेंढरं चरायची, रात्री शेतात बसायची, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचे. परत यायचं ते पावसाच्या तोंडाला. काजळी लंगडायला लागल्यापासून हे बंद होतं. उघड्या रानात कुत्र्याशिवाय कळप राखता येत नाही, आणि दुसऱ्या कुत्र्यावर आबांचा भरवसा नव्हता.

"हिचा पाय तेवढा धड करा," ते म्हणाले. "यंदा निघायचंच. काय गं?"

"बघू," बानूबाई म्हणाल्या.

"तयारच हाय ती," आबांनी मला सांगितलं.

मुलानं मित्राची जीप आणून काजळीचा एक्स-रे पुण्याहून काढून आणला. गुडघ्यातला बंध जुना तुटलेला होता आणि सांध्याच्या कडेनं हाड वाढलं होतं. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. दुखण्याच्या गोळ्या रोज दिल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडण्याची भीती. तिसरा एक मार्ग होता. कुत्र्याचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला जखम भरून आणणारा बारीक कणांचा भाग, म्हणजे प्लेटलेट, वेगळा करायचा आणि तो सांध्यात टोचायचा. शर्यतीच्या घोड्यांवर हे होताना मी शिकत असताना पाहिलं होतं. कुत्र्यांवर लोक नुकतेच करून बघायला लागले होते.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी हिचंच रगात काढायचं आन् हिलाच घालायचं? मंग काढायचंच कशाला?"

"सगळं नाही घालायचं. दुधातनं लोणी काढतो तेवढंच."

"हात्तिच्या! असं बोला की."

मी त्यांना हेही सांगितलं, की झिजलेला सांधा यानं नवा होत नाही. दुखणं आणि सूज कमी होऊ शकते, तीही होईलच असं नाही. आबांनी मान हलवली. लोक 'नवा होत नाही' हे शब्द ऐकतात, पण घरी घेऊन जात नाहीत, हे मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं.

रक्त फिरवायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. शिरूरच्या लॅबवाल्यानं कुत्र्याचं रक्त म्हटल्यावर हात जोडले. मग मला दूध डेअरी आठवली. दुधाची फॅट काढायचं जुनं यंत्र तिथं कोपऱ्यात पडलेलं होतं. विजेवरचं नवीन आल्यापासून त्याला कोणी हात लावत नव्हतं. जुनं हातानं फिरवायचं असल्यामुळे भारनियमनाचाही प्रश्न नव्हता, आणि मला हवा होता तितकाच त्याचा वेग होता. डेअरीचा बाळासो तयार झाला, पण एका अटीवर.

"सकाळच्या दुधाची गर्दी सरल्यावर या, म्याडम. कुणी बघितलं तर म्हणतील, बाळासो दुधात आता हे बी मिसळतोय."

पहिल्या वेळी सगळं नीट झालं. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, बंद नळ्या स्पंजात गुंडाळून यंत्रात बसवल्या आणि मुठीनं दांडा फिरवला. थांबल्यावर नळीत तळाला लाल थर, त्यावर केसाएवढी पांढरी रेघ आणि वर स्वच्छ पिवळं पाणी. ती रेघ आणि तिच्या लगतचं पाणी मी सुईनं ओढून घेतलं. दवाखान्यात काजळीला गुंगी दिली, गुडघ्यावरचे केस काढले, जागा साफ केली आणि सांध्यात सुई घातली. बानूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रक्त काढताना त्यांनी नळ्या मोजल्या होत्या असं मला वाटतं, कारण जाताना त्या म्हणाल्या, "लई काढलं ओ."

तीन आठवड्यांनी काजळी पाय टेकत आली. आबा दारातूनच ओरडले, "बघा, बघा! काल सशामागं धावली." मी मांडी मोजली. थोडा फरक होता, चांगल्या बाजूनं. मग शेजारच्या खताच्या दुकानातल्या काट्यावर तिला उभं केलं. चोवीसची सव्वीस किलो झाली होती.

"खाणं थोडं कमी करा," मी बानूबाईंना सांगितलं. "जितकं वजन, तितका त्या गुडघ्यावर भार."

दुसऱ्या वेळच्या रक्तासाठी तिला उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. डेअरीत नळ्या फिरवून बाहेर काढल्या तर लाल थराच्या वर पिवळं पाणी नव्हतंच. दुधासारखं पांढरं होतं. बाळासोनं नळी उजेडात धरली.

"म्याडम, हिला साडेसहा फॅट लागली की हो! म्हशीचा भाव द्यावा लागंल."

खाल्ल्यानंतर रक्तात चरबी उतरते, त्यामुळे तसं दिसतं. अशा नळीत पांढरी रेघ दिसत नाही, आणि ते सांध्यात घालायची माझी तयारी नव्हती. मी बानूबाईंना विचारलं, सकाळी काय दिलं?

"काय न्हाई. वाटीभर दूध," त्या म्हणाल्या. "आन् एक लाडू."

"कसला लाडू?"

"डिंकाचा. तूप घालून. रगात काढायचं आन् मुक्या जिवाला उपाशी न्यायचं व्हय? बाळंतिणीलाबी आपण घालतोच की."

"मला कवा घातला न्हाईस," आबा म्हणाले.

"तुम्ही कवा बाळंत झाला?"

बाळासो हसून हसून खाली बसला. मी ते रक्त टाकून दिलं. दवाखान्यात परत आल्यावर कागदावर गुडघा काढून बानूबाईंना दाखवला. काढलेलं रक्त थोड्याच दिवसांत भरून येतं, त्याला तूप लागत नाही, असं समजावलं. त्यांनी कागद नीट पाहिला आणि "व्हय" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात काजळी खरोखर उपाशी आली, रक्त स्वच्छ निघालं आणि दुसरी सुई झाली.

मध्ये एकदा आठवडे बाजारात बानूबाई दिसल्या. पिंपळाच्या सावलीत मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. दोन वर्षांपासून घरामागं भाजी लावत होत्या आणि दर बाजारी तिथंच बसत होत्या. मी एक जुडी घेतली. त्यांनी पोतं सरकवून मला बसायला जागा दिली.

"पयलं बाया म्हणायच्या, धनगरीण आली बघ," त्या म्हणाल्या. "आता म्हणत्यात, बानूबाईकडनं घे, निवडलेली असती. चार बाजार न्हाई आलं तर ही जागा जाती. समद्यांचा डोळा हाय हिच्यावर."

"मग पाटसला गेलात तर?"

त्यांनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. "बघू," म्हणाल्या.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी आबांचा निरोप आला, की काजळी परत लंगडायला लागली आहे, आणखी एक सुई हवी आहे. गाळप सुरू झालं होतं. या वेळी मीच त्यांच्या घरी गेले, कारण ती काय खाते ते मला पाहायचं होतं. सोबत घरातला वजनकाटा नेला. अंगणात तंबूचं कापड उलगडून आबा त्याला ठिगळ लावत बसले होते. काजळी उन्हात आडवी होती. उठताना तिनं आधी पुढचे पाय रोवले आणि मग मागचा भाग ओढून घेतला.

एवढ्याशा काट्यावर कुत्रं स्थिर उभं राहत नाही, म्हणून कुणीतरी त्याला घेऊन उभं राहायचं आणि मग त्या माणसाचं वजन वजा करायचं. मी आबांकडे पाहिलं, पण बानूबाईच पुढं झाल्या. काजळीला लोकरीच्या पोत्यासारखी उचलून त्या काट्यावर उभ्या राहिल्या.

"तीस," मी म्हणाले.

"मला धरून?" बानूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला सोडून."

"चालली की उतरंल," आबा म्हणाले. "पाटसला जाईस्तवर निम्मी होईल. तुम्ही आणखी एक सुई द्या फकस्त."

"वजन उतरल्याशिवाय सुई द्यायची नाही, आबा. आणि उतरलं तरी ही अंगणात हिंडेल, शेतापर्यंत येईल. दिवसभर मेंढरांमागं नाही. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"पर मधी धावली की! मी ह्या डोळ्यांनी बघितली."

"दुखणं थांबलं होतं म्हणून धावली. सांधा तोच आहे." मी बानूबाईंकडे वळले. "मावशी, लाडू बंद केले होते ना?"

त्यांनी काजळीला हळूच खाली ठेवलं आणि पदरावरचे केस झटकले.

"न्हाई," म्हणाल्या.

"आगं, बाईंनी एवढं बजावलं हुतं!"

"पयल्या डावाला रगात काढलं म्हणून घातलं. मंग बाईंनी कागदावर दाखवलं, तवा कळलं मला. न कळायला काय झालं? पर बघितलं, ही जड झाली की तुमचं निघायचं म्होरं जातंय. मंग घालतच ऱ्हायले."

आबा हसले. बायको थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांच्या हातातलं दाभण थांबलं.

मला राग आला होता. तो मी आवाजात येऊ दिला नाही. "त्यानं तिचा पाय दुखतो, मावशी. रोज दुखतो."

"ठावं हाय. गुडघा चाटत बसती. चाटून चाटून केस गेलं तिथलं." बानूबाई काजळीकडे पाहत होत्या. "उद्यापासनं न्हाई घालणार. घातला तर तुम्ही मला बोला."

"मी मोजून सांगते किती द्यायचं. बाकीचं तुम्ही दोघांनी बोलायचं."

मी काटा पिशवीत ठेवला. जायला निघणार होते, पण वाट अंगणातून, दोघांच्या मधून होती, म्हणून थांबले.

"एवढं हुतं तर तोंडानं सांगायचं की," आबा म्हणाले.

"कवा सांगू? तुम्हीच पुसता आन् तुम्हीच जाब देता."

आबांनी तंबूचं कापड मांडीवरून बाजूला सारलं. मग म्हणाले, "बरं. आता पुसतो. येणार का न्हाई?" आणि या वेळी माझ्याकडे न बघता गप्प बसून राहिले.

"न्हाई," बानूबाई म्हणाल्या. "माझं पाय धड हायेत. चालाया मला काय बी झालेलं न्हाई. पर मी येत न्हाई. यंदा न्हाई, आन् म्होरल्या सालीबी न्हाई."